भाव कोण ठरवतो, हा प्रश्न घेऊनच कॉलेजात जा

पत्र : मी रावेर तालुक्यातली. बारावी आर्ट्सला आहे. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि भूगोल हे विषय आहेत, गणित घेतलेलं नाही. घरची पाच एकर केळी आहे. आमच्या सरांनी सांगितलं की मुंबईच्या ख्रिश्चन कॉलेजांत अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र जोडून ‘पोलिटिकल इकॉनॉमी’चा अभ्यास करता येतो आणि तिथे मुलांना इंटर्नशिप, संशोधन अशा संधी मिळतात. मामा म्हणतात, जळगावला बीए कर आणि सोबत एमपीएससीचं बघ. आजीला भीती वाटते की तिथे गेल्यावर धर्म बदलायला लावतील. आम्ही ओबीसी आहोत. वडील म्हणतात, पैशाचं बघू, पण तू नक्की काय शिकणार आणि त्याचं पुढे काय होणार ते आधी सांग. त्यांना काय सांगू?

उत्तर : ताई, तुझ्या वडिलांचा प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून आधी तोच घेऊ. रोज तुमच्या गावात मोबाईलवर केळीच्या भावाचा मेसेज फिरतो. नवती (नव्या लागवडीची केळी) एवढी, पिलबाग (जुन्या खोडाच्या पिलांवरची) तेवढी, वापसी (हलक्या प्रतीचा माल) इतकी. बऱ्हाणपूरचा भाव वेगळा, रावेरचा वेगळा, आणि गाडी भरताना व्यापारी देतो तो तिसराच. अर्थशास्त्राचं क्रमिक पुस्तक सांगेल की आवक वाढली म्हणून भाव पडला. ते खरं आहे, पण अर्धंच. बोर्डाचा, म्हणजे रोज जाहीर होणारा अधिकृत भाव काढताना कोणाचं म्हणणं धरलं जातं, बोर्डापेक्षा कमी भावाने माल उचलला तर कारवाई कोणी करायची, ती होते का, होत नसेल तर का, हा उरलेला अर्धा भाग. सत्ता आणि पैसा एकमेकांना कसे वळवतात हे एकत्र तपासायचा विषय म्हणजे पोलिटिकल इकॉनॉमी, मराठीत राजकीय अर्थशास्त्र. वडिलांना एवढंच सांग, ‘आपल्या केळीचा भाव कोण ठरवतो आणि तो तसाच का ठरतो, ते शिकायला जाते.’

हा विषय काही कालपरवा निघालेला नाही. एके काळी अर्थशास्त्राचं नावच हे होतं. १९१८ साली बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात रुजू झाले ते पोलिटिकल इकॉनॉमीचे प्राध्यापक म्हणून. त्याच वर्षी भारतातल्या लहान जमीनधारणेवर त्यांनी लिहिलेला निबंध पाच एकरवाल्या घरातल्या मुलीने जरूर वाचावा असा आहे. आणि तुझ्या शेजारच्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, नेहरू अध्यक्ष होते. तिथे मंजूर झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमात सारा आणि खंड (कुळाने मालकाला द्यायचं जमिनीचं भाडं) कमी करण्याची, शेतकऱ्यांच्या कर्जाला दिलासा देण्याची मागणी होती. त्यातलं काय झालं, काय राहिलं आणि का राहिलं, यावर पदवीचा एक चांगला प्रबंध होऊ शकतो. त्यासाठी तुला लांब जायचीही गरज नाही.

कापसाचं उदाहरण ताजं आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल होता. कापड गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता, अमेरिकेने लावलेल्या शुल्काचं ओझं त्यांच्या डोक्यावर होतं. चोपडा-धरणगावकडच्या शेतकऱ्याचा कापूस मात्र नेमका त्याच महिन्यांत घरात येणार होता. दोघांची गरज खरी होती. कोणाचं म्हणणं दिल्लीत आधी पोचलं आणि कशामुळे, हे मांडता येणं म्हणजे हा विषय येणं.

आता आजी. त्यांची भीती हसण्यावारी नेऊ नकोस, त्यांना नीट समजावून सांग. राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. विद्यार्थी अठराच्या आतला असेल तर ती संमती पालकांची लागते. अशा कॉलेजांत ख्रिश्चन मुलांसाठी ‘बायबल’चा तास असतो, तर इतरांसाठी सहसा नीतिशिक्षण किंवा मूल्यशिक्षण. प्रवेशाच्या वेळी त्या रकान्यात काय लिहिलं आहे ते वाचून मगच सही कर. आजीला हेही सांग की जोतीराव फुले पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि पुढे शेतकऱ्याच्या लुटीची मांडणी करणारा पहिला मोठा मराठी आवाज तेच झाले.

एक गोष्ट मात्र बहुतेक घरांत माहीत नसते आणि ऐन प्रवेशाच्या दिवशी तिचा फटका बसतो. अल्पसंख्याक संस्थांना कलम ३० खाली आपल्या समाजासाठी जागा राखता येतात. १९९२ च्या सेंट स्टीफन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची मर्यादा साधारण ५० टक्के धरली. आणि कलम १५(५) ने अल्पसंख्याक संस्थांना जातनिहाय आरक्षणातून वगळलं आहे. म्हणजे तुझ्या हातात ओबीसीचा दाखला असला तरी तिथे तुला बहुधा खुल्या जागांवरच स्पर्धा करावी लागेल. जळगावच्या कॉलेजात जे गुण पुरतात ते तिथे पुरतीलच असं नाही. प्रत्येक कॉलेज जागांचं वाटप प्रवेश पुस्तिकेत छापतं, ते पान आधी उघड. शिष्यवृत्ती हा वेगळा विषय, त्यावर पुढे येऊ.

कॉलेज कोणतं? मुंबईत विल्सन (१८३२) आणि सेंट झेवियर्स (१८६९), मुलींसाठी सोफिया, नागपूरला हिस्लॉप (१८८३), अहिल्यानगरला डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली उभं केलेलं अहमदनगर कॉलेज. हे शेवटचं नाव खान्देशातली मुलं फारसं विचारात घेत नाहीत, खरं तर घ्यावं. मुंबईपेक्षा राहण्याचा खर्च कमी आणि भुसावळहून मनमाड-दौंड मार्गाने सरळ रेल्वे. राज्याबाहेर दिल्लीचं सेंट स्टीफन्स आणि चेन्नईचं मद्रास ख्रिश्चन कॉलेज ही जुनी, नावाजलेली नावं. पण नावावर भाळू नकोस. यातल्या एकाही ठिकाणी ‘बीए पोलिटिकल इकॉनॉमी’ अशी पाटी शोधत बसू नकोस. हा विषय दोन विभागांच्या मध्ये वाटलेला असतो आणि तो तुला स्वतः जोडून घ्यावा लागतो.

जोडायचा कसा, ते सांगतो. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला एक मेजर (मुख्य विषय) आणि एक मायनर (जोडविषय) असतो. तू अर्थशास्त्र मेजर घे आणि राज्यशास्त्र मायनर. उलटं करू नकोस, कारण अर्थशास्त्राची पदव्युत्तर दारं मेजर पाहून उघडतात, राज्यशास्त्राची त्यामानाने सैल असतात. मायनरला महाराष्ट्रात साधारण १८ ते २० क्रेडिट मिळतात, म्हणजे पाच-सहा पेपर. कॉलेजच्या संकेतस्थळावरून तिन्ही वर्षांचा अभ्यासक्रम उतरवून घे आणि पेपरांची नावं वाच. सार्वजनिक वित्त, विकासाचं अर्थशास्त्र, महाराष्ट्राची अर्थव्यवस्था, भारतीय राजकीय प्रक्रिया, सार्वजनिक धोरण, कृषी अर्थशास्त्र यांतले निदान चार पेपर दिसले तर तिथे हा विषय शिकता येतो. नुसतंच सूक्ष्म, स्थूल आणि बँकिंग असेल तर तिथे पदवी मिळेल, हा विषय मिळणार नाही. इथे हमखास चूक होते ती वेळापत्रकाची. पुस्तिकेत जोडी छापलेली असते, पण दोन्ही विभागांचे तास एकाच वेळी लागतात, किंवा मायनरला पुरेशी मुलं येत नाहीत म्हणून तो पर्याय त्या वर्षी रद्द होतो. कार्यालयात विचारायचा प्रश्न असा : ‘गेल्या वर्षी अर्थशास्त्र मेजर, राज्यशास्त्र मायनर ही जोडी प्रत्यक्षात किती मुलांनी घेतली?’ आकडा सांगता आला नाही तर सावध हो.

गणिताबद्दल मनात काही न ठेवता सांगायला हवं. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्ससाठी सीयूईटीत, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेत, गणिताचा पेपर सक्तीचा आहे, त्यामुळे बारावीला गणित नसताना सेंट स्टीफन्सचं ते दार तुला बंद आहे. राज्यशास्त्र ऑनर्सचं उघडं आहे. सीयूईटी मराठीतूनही देता येते. एका विषयाला ५० प्रश्न, ६० मिनिटं, बरोबरला पाच गुण आणि चुकलं की एक वजा. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत बीए अर्थशास्त्राला बहुतेक ठिकाणी बारावीचं गणित लागत नाही. म्हणून गणित टळलं असं मात्र समजू नकोस. दुसऱ्या वर्षी अवकलन, मॅट्रिक्स आणि सांख्यिकी समोर येतात आणि आर्ट्सची हुशार मुलं तिथेच मागे पडतात. बारावीची परीक्षा झाल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंत जवळपास तीन महिने मिळतात. त्या काळात अकरावीच्या गणिताची बालभारतीची पुस्तकं घे आणि रोज दीड तास फलन, आलेख, उतार, अवकलनाची ओळख, सरासरी आणि प्रमाण विचलन एवढंच कर. सगळं पुस्तक संपवायचा हट्ट नको. आलेखाचा उतार म्हणजे काय हे हाताने काढून कळलं की पहिल्या वर्षाचं अर्धं अर्थशास्त्र सोपं होतं.

पैशाचं. पहिला प्रश्न, तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित? एकाच कॉलेजात साधं बीए अनुदानित आणि त्याच्याच शेजारी चकचकीत नावाचा अभ्यासक्रम विनाअनुदानित असतो. दोन्हींच्या फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तुझ्यासाठी अनुदानित बीए. फीपेक्षा मोठा खर्च राहण्या-जेवणाचा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये थेट खात्यात येतात. जागा जिल्हावार ठरलेल्या असतात आणि अटी बदलत राहतात, म्हणून जळगावच्या इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात स्वतः जाऊन विचार. बाकी शिष्यवृत्त्या महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर. तिथे पैसे अडकतात ते बहुतेकदा तीन कारणांनी. बँक खातं आधारशी जोडलेलं असतं, पण पैसे ज्या खात्यात येणार ते नेमकं कोणतं हे माहीतच नसतं. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपलेली असते. आणि कॉलेजने अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवलेला असतो, पण विद्यार्थ्याने पुन्हा लॉगिन करून पाहिलेलंच नसतं. दर पंधरा दिवसांनी एकदा लॉगिन कर. नॉन-क्रिमीलेअर, अधिवास आणि उत्पन्न हे तिन्ही दाखले निकालाच्या आधी तहसीलमधून काढून ठेव. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग लागते आणि सर्व्हर बसतो. राज्याबाहेर जायचं ठरलं तर यातलं काय लागू राहील ते त्याच कार्यालयातून स्पष्ट करून घे, ऐकीव माहितीवर निघू नकोस.

आता ज्या संधींसाठी सरांनी तुला हे सुचवलं त्या. ख्रिश्चन कॉलेजांत या विषयाला एक खास अंग मिळतं. श्रम आणि भांडवल यांच्या नात्यावर चर्चची स्वतःची एक विचारपरंपरा आहे. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या पत्रकात कुटुंब चालेल एवढी मजुरी आणि कामगारांचा संघटनेचा हक्क मांडला. आपल्याकडे छोटा नागपूरमध्ये (आजच्या झारखंडात) जॉन हॉफमन या जेझुइट, म्हणजे कॅथलिक चर्चच्या एका संघातल्या, पाद्रीने १९०८ च्या कूळ कायद्याच्या मसुद्याला हातभार लावला आणि १९०९ मध्ये आदिवासी शेतकऱ्यांना सावकारापासून सोडवण्यासाठी पतसंस्था उभी केली. धडगाव-अक्कलकुव्याच्या वनहक्क दाव्यांचा अभ्यास करायचा असेल तर ही तुलना हाताशी हवी. १९५१ साली जेझुइटांनीच सुरू केलेली इंडियन सोशल इन्स्टिट्यूट दिल्लीत आजही या विषयांवर संशोधन करते. ही परंपरा पटो न पटो, बाजार आणि सरकार यांच्या पलीकडून प्रश्न विचारायची सवय त्यातून लागते. शिवाय या कॉलेजांत वस्तीत, संस्थेत जाऊन काही तास काम करणं अनेक ठिकाणी सक्तीचं असतं. मुलं ते तास शाळेतल्या मुलांना चित्रं काढायला शिकवून भरून काढतात. तू रेशन दुकान, पतपेढी किंवा घरकामगारांची संघटना माग. तेवढ्याच तासांत विषयाचं काम होईल.

तिसऱ्या वर्षी अभ्यासक्रमातच ४ क्रेडिटची ऑन जॉब ट्रेनिंग असते, म्हणजे साधारण १२० तास. दुसऱ्या वर्षी क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभागाचे प्रत्येकी २ क्रेडिट. बहुतेक मुलं शेवटच्या आठवड्यात ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणतात. हा खरोखर सगळ्यात मोठा तोटा आहे, कारण नोकरीच्या किंवा एमएच्या मुलाखतीत मार्कांवर दोन मिनिटं बोलणं होतं, प्रकल्पावर वीस.

बाहेरच्या संधींमध्ये नीती आयोगाच्या इंटर्नशिपला पदवीच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिल्यावर अर्ज करता येतो. अर्ज दर महिन्याच्या १ ते १० तारखेला घेतात, मुदत सहा आठवडे ते सहा महिने, मानधन नाही. पण अट वाच : बारावीला किमान ८५ टक्के. म्हणून आत्ताची तुझी परीक्षा ‘फक्त प्रवेशापुरती’ आहे असं समजू नकोस. रिझर्व्ह बँकेची उन्हाळी इंटर्नशिप मुख्यतः पदव्युत्तर मुलांसाठी आहे, ती पुढे. पदवीनंतर खासदारासोबत वर्षभर संसदीय संशोधन करायची लॅम्प फेलोशिप आहे. कोणत्याही शाखेची पदवी चालते, वय २५ च्या आत हवं. मुख्यमंत्री फेलोशिपला वय २१ ते २६, पदवीला किमान ६० टक्के, एक वर्षाचा अनुभव आणि मराठी उत्तम हवी. या शेवटच्या अटीत मुंबईच्या इंग्रजी माध्यमातली मुलं अडखळतात आणि खान्देशातली मुलगी पुढे जाते. संशोधन मांडायला आंतरविद्यापीठ ‘आविष्कार’ स्पर्धा आहे, पदवी गटासह. आणि मराठीतूनच निबंध वाचायचा असेल तर मराठी अर्थशास्त्र परिषदेचं वार्षिक अधिवेशन. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के टिकवलेस तर चौथं वर्ष संशोधनासह ऑनर्स करता येतं. पुढे पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था (१९३०), जिच्या मूळ नावातच राजकारण आणि अर्थशास्त्र दोन्ही आहेत, टाटा समाजविज्ञान संस्था, मुंबई विद्यापीठ किंवा जेएनयू. भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा अर्थशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीवर देता येते, वय २१ ते ३०. वडिलांच्या ‘पुढे काय’ला हे एक ठोस उत्तर आहे.

पण इंटर्नशिप असो की फेलोशिप, तुझ्या अर्जात वजन येणार आहे ते तुमच्या शेतातल्या कामाने. म्हणून त्या कामाबद्दल जरा सविस्तर.

घरात गेल्या दोन-तीन वर्षांच्या केळीच्या पट्ट्या, म्हणजे व्यापाऱ्याने दिलेल्या विक्रीच्या पावत्या असतील, खिळ्याला अडकवलेल्या नाहीतर डब्यात. एक पट्टी हातात घे. तारीख, गाडी नंबर, वजन, भाव, वजावट, निव्वळ रक्कम. समजा त्या दिवशी बोर्ड १,५०० रुपये क्विंटल होता आणि पट्टीवर १,३२० आहे. गाडी ८० क्विंटलची. फरक १८० गुणिले ८०, म्हणजे १४,४०० रुपये एका गाडीमागे. हा फरक दर्जाचा आहे, सौद्याच्या दिवसाचा आहे की दबावाचा, हा तुझा संशोधन प्रश्न. आणि इथेच चुका होतात. पहिली, सौदा सोमवारी ठरतो आणि कापणी गुरुवारी होते. तुलना कापणीच्या दिवशीच्या बोर्डाशी केलीस तर आकडा खोटा येईल, म्हणून दोन्ही तारखा लिही. दुसरी, नवतीची तुलना नवतीशीच कर, पिलबागेशी नको. निर्यातीचा निवडलेला माल बोर्डाच्या वर जातो, तो वेगळ्या रकान्यात ठेव. तिसरी, वजन घडांत, किलोत की क्विंटलमध्ये, आणि दांड्याची वजावट किती धरली ते विचार. चौथी, पैसे किती दिवसांनी मिळाले. महिनाभर उशिरा मिळालेला भाव रोख भावापेक्षा कमीच असतो, पण पट्टीवर तसं दिसत नाही.

चार गावं घे, प्रत्येक गावात दहा शेतकरी, एकूण ४०. दहातले निदान चार दोन हेक्टरच्या आतले हवेत, आणि सगळे तुमच्या भाऊबंदकीतले नकोत. नाहीतर तो तालुक्याचा अभ्यास होत नाही, एका वाड्याचा होतो. प्रश्नावली पंधरा प्रश्नांची पुरे. आधी पाच जणांवर तपासून बघ. ‘तुम्हाला योग्य भाव मिळतो का?’ असं विचारलंस तर चाळीसच्या चाळीस जण ‘नाही’ म्हणतील आणि हाती काहीच लागणार नाही. त्याऐवजी ‘मागच्या तीन पट्ट्या दाखवता का?’ असं विचार. बाया घरी असतील त्या वेळीही जा. पैसे कधी आले, कर्जाचा हप्ता कुठून गेला हे पुष्कळदा त्यांनाच नेमकं आठवतं. कोणाचंही नाव, कोणत्याही व्यापाऱ्याचं नाव अहवालात घालू नकोस. नाव बाहेर गेलं तर त्या शेतकऱ्याचा पुढचा माल अडेल.

मग बऱ्हाणपूर. वीस-पंचवीस किलोमीटरवर राज्य बदलतं आणि बाजाराचा कायदाही बदलतो. आपल्याकडे १९६३ चा बाजार समिती कायदा. २०१६ साली फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला आणि अडत (अडत्याची दलाली) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. ते प्रत्यक्षात तुमच्या पट्टीवर कुठे दिसतं का? सीमेच्या दोन बाजूंचं एकच पीक, दोन कायदे. मुंबईच्या मुलाला असा अभ्यास करायचा तर त्याला प्रवासखर्चासाठी अनुदान मागावं लागेल. तुझ्या दारात तो आयता आहे.

आकडे कुठून? जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढतं, त्यात पीकनिहाय क्षेत्रापासून बँक शाखांपर्यंत तालुकावार तक्ते असतात. रोजची आवक आणि भाव राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर. जे तिथे नाही त्यासाठी माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर हवा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तर ३० दिवसांत. न आल्यास पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील. ‘भाव कमी का मिळतो?’ असं विचारलंस तर अर्ज परत येईल, कारण खुलासा मागता येत नाही, नोंदी मागता येतात. असं लिही : ‘गेल्या दोन आर्थिक वर्षांत जाहीर भावापेक्षा कमी दराने खरेदी झाल्याच्या किती लेखी तक्रारी आल्या, आणि किती खरेदीदारांना नोटीस दिली, त्याच्या प्रती.’ उत्तर शून्य आलं तरी तो निष्कर्षच असतो.

इंग्रजीचं भय वाटेल. वर्गात सगळं इंग्रजीत चालेल आणि पहिल्या दोन महिन्यांत गप्प बसावंसं वाटेल. रोज एक पान वाच, इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीमधलं चालेल, आणि त्या पानाचं मराठीत पाच ओळींत सार लिही. उलट भाषांतर नको. विषय मराठीत पक्का झाला की इंग्रजी शब्द त्याच्यावर बसतात. परीक्षेत मराठीत उत्तरं लिहायची मुभा आहे का हे स्वायत्त कॉलेजात आधी विचारून घे, प्रत्येकाचा नियम वेगळा असतो.

मामांचं म्हणणंही चुकीचं नाही. जळगाव किंवा फैजपूरला अर्थशास्त्र मेजर घेऊन हे बहुतेक सगळं करता येतं. नीती आयोग, आविष्कार, फेलोशिप यांना कॉलेजचं नाव आड येत नाही. मुंबईत जे जास्त मिळतं ते सोबत : प्रश्न विचारणारे वर्गमित्र, रोजची व्याख्यानं, ग्रंथालयं. घरच्यांवर कर्ज होणार असेल तर जळगावला बीए आणि एमएला पुणे-मुंबई हा मार्ग उत्तम. वसतिगृह किंवा आधार योजनेचं काम जमलं तर मुंबई नाहीतर अहिल्यानगर. एमपीएससी दोन्हीकडून सारखीच लांब आहे. पण पहिल्याच वर्षापासून तिचा क्लास लावून पदवीकडे दुर्लक्ष करू नकोस. आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, आणि पट्टीवरचा आकडा वाचून त्याचा अर्थ परिच्छेदात मांडता येणं तिथेही उपयोगी पडेल.

या आठवड्यात करायचं ते एवढंच. तीन कॉलेजांच्या प्रवेश पुस्तिका उतरवून जागांच्या वाटपाची पानं वेगळी काढ. तहसीलमधून दाखल्यांची यादी आण. आणि वडिलांना सांगून घरातल्या सगळ्या पट्ट्या तारखेप्रमाणे एका फाईलला लाव. पट्टीची शाई वर्षभरात उडते, म्हणून प्रत्येकीचा मोबाईलवर फोटो काढ आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने सौद्याची तारीख लिही. ती तारीख आज वडिलांना आठवते, दोन वर्षांनी आठवणार नाही.